झाड सगळ्यात शेवटी

बाई, आज मी तुमच्यासारखं वाईट चित्र काढलं आणि बिल्डरपुढे ठेवलं. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण दुसऱ्या कोणाला सांगून यातली गंमत कळायची नाही.

तुमच्या एरंडवण्याच्या घरात ऑफिस कुठे संपतं आणि स्वयंपाकघर कुठे सुरू होतं, हे मला कधीच उमगलं नाही. जेवणाच्या टेबलावर आपण बागा आणि सोसायट्यांची आवारं आखायचो. आराखड्याच्या आरपार दिसणाऱ्या बटर पेपरवर पोह्यांचं तेल सांडलं की म्हणायचात, बरं झालं, खालचं आणखी स्पष्ट दिसतं. मी कॉलेजातून नुकतीच आलेली, हात चांगला आणि त्याचा तोराही. वारज्याच्या उतारावरच्या सोसायटीचा पहिला कच्चा आराखडा करायचा होता आणि मी त्यात करंज, कांचन, बहावा पानापानांसकट रंगवून आणले. तुम्ही कागद खिडकीपाशी नेता, चष्मा लावता. "सुरेख आहे. आता पाण्यानं कुठून जायचं, तेवढं या झाडांना विचारून या." आणि ओला अंगठा माझ्या बहाव्यावरून फिरवता. मी त्या दिवशी जेवले नाही. तुम्ही माझं ताट झाकून ठेवलंत, समजूत मात्र काढली नाहीत.

आधी पाणी, मग माणसांची वाट, मग गाड्या, झाड सगळ्यात शेवटी, हा तुमचा नियम. तुमचं स्वतःचं चित्र म्हणजे जाड पेन्सिलीच्या चार वाकड्या रेघा. तेच मीटिंगला न्यायचात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. समोरची माणसं आधी हसायची, मग अहो बाई, असं नाही, म्हणत तुमचीच पेन्सिल घेऊन काढायला लागायची. बाईंना चित्र येत नाही, म्हणून बिचारे दुरुस्त करतात, अशी माझी पक्की समजूत होती.

आता माझ्या ऑफिसातली मुलं पहिल्याच आठवड्यात कॉम्प्युटरवर इतकं हुबेहूब चित्र करतात की बाकाची सावलीसुद्धा खरी वाटते. हिंजवडीची जागा म्हणजे जुनी भातखाचरं, मधून पावसाळी ओघळ, आणि नेमकं त्यावरच बिल्डरला पार्किंग हवं होतं. मुलांनी ते इतकं देखणं दाखवलं की गडी खूश. ओघळ बुजवला तर पाणी खालच्या वस्तीत घरांत शिरेल, हे मी दोनदा समजावलं. पाइप टाकू, म्हणाला. आज त्याच चित्रावर सही व्हायची होती, आणि एकदा सही झाली की पुढे कोण ऐकतंय.

म्हणून सकाळी बटर पेपर घेऊन गेले. त्या देखण्या चित्रावरच पसरला आणि जाड पेन्सिलीनं आधी पाणी काढलं. मुलं माझ्याकडे बघेनात.

"मॅडम, हे तर कच्चं हाय."

"हो. म्हणूनच आणलंय."

बिल्डर कागदावर वाकला. "आमच्या चुलत्यांची जमीन ही," म्हणाला; मला ते तेव्हाच कळलं. मग त्यानं माझ्या हातातली पेन्सिल घेतली. "पाणी असं न्हाय वळत. लहानपणी खेकडं धरायचो आम्ही इथं." ओघळ त्यानं नीट वळवून दाखवला आणि पार्किंग वर रस्त्याकडेला सरकवलं. गाडीत बसल्यावर मला रडू आलं. तुम्हाला खरंच चित्र येत नव्हतं का, हे आता विचारणार कोणाला?

हे कुठे पाठवायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. सही आता पुढच्या आठवड्यावर गेली आहे, अजून गाड्यांचा रस्ताही ठरायचाय. तरी घरी आल्यावर त्या कागदावर, ओघळाच्या काठाला, मी एक बहावा काढला, पानापानांसकट. लवकर झालाय, मला माहीत आहे. मघापासून कागद खिडकीपाशी धरून बसले आहे, कोणी तरी त्यावरून अंगठा फिरवावा म्हणून.