राष्ट्राध्यक्ष मीच ठरवणार

३ मार्च
पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या प्रायमरी मतदानाला अजून बावीस महिने. अख्खं न्यू हॅम्पशर झोपलंय, मी जागा आहे. आपल्या पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार या वेळी मीच ठरवणार. गावच्या पक्ष समितीचा उपसचिव आहे मी. बिनविरोध! दुसरं कोणी उभंच राहिलं नाही, एवढा दरारा.

वही आणली. इच्छुक तीन: गव्हर्नर व्हिटलॉक, सिनेटर डेल्फिन रोर्क आणि गाद्या विकणारा एक कोट्यधीश. प्रत्येकाला शंभरपैकी मार्क. मर्टल म्हणाली, "एल्डन, परीक्षा आहे हे त्यांना कळवलंयस का?" बायकोला राजकारण कळत नाही. तीस वर्षं नर्स होती बिचारी.

११ मार्च
गव्हर्नर लायब्ररीत आले होते. मी प्रश्न विचारला. सात मिनिटं. ते म्हणाले, "वा! आणि प्रश्न काय?" विनोदबुद्धीचे दहा मार्क.
निघताना त्यांच्या माणसाने माझा फोन नंबर घेतला. राज्याचा प्रचारप्रमुख होणार बहुतेक. मर्टल म्हणे, "अरे, सगळ्यांचेच घेतले. चेस्टरचासुद्धा." शेजारचा चेस्टर ठार बहिरा आहे. तो नंबर लोकांची दिशाभूल करायला घेतला असणार.

१९ मार्च
फोन नाही. गव्हर्नरना शून्य.

२० मार्च
गव्हर्नरांचा मेसेज! 'मित्रा, माझ्या प्रचाराची टोपी विकत घे.' उणे पाच.

गादीवाल्याची गादी दुकानात झोपून पाहिली. कमरेत लचक. बाद.

२ एप्रिल
सिनेटर रोर्क शनिवारी आमच्या घरी येणार! फोन मर्टलने घेतला. दहा मिनिटं नुसतं "हो, बघते, विचार करते." निरोप असा घेतात का? डोनटच्या दुकानात सगळ्यांना सांगून आलो. देशाच्या भवितव्यावर नऊ पानी टिपण तयार.

६ एप्रिल, संध्याकाळ
आल्या. दारातच माझ्या हातात कोट दिला. असा कोणाच्याही हातात कोट देत नाहीत. मग स्वयंपाकघरात मर्टलशी तासभर बोलत बसल्या. आमच्या हॉस्पिटलचा बाळंतपणाचा वॉर्ड बंद होतोय, बायकांना बर्फातून पन्नास मैल जावं लागेल, वगैरे. मर्टल टेबलावर हात आपटून बोलत होती. दोघींनी शिंपल्यांचं क्लॅम चाउडर सूप दोनदा घेतलं. मी टिपण काढलं तोवर त्यांनी कोट मागितला.
तरी ब्याण्णव मार्क. माझा पाठिंबा पक्का. उद्या जाहीर करतो.

७ एप्रिल
जाहीर केला. डोनटच्या दुकानात, खुर्चीवर उभं राहून. टाळ्या एकाच्याच. चेस्टरच्या. त्याला वाटलं माझा वाढदिवस आहे.

८ एप्रिल
सकाळी बातमी: सिनेटर रोर्क राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहणार नाहीत. महिन्याभरापूर्वीच ठरलं होतं म्हणे.
मर्टलला विचारलं, "मग आपल्याकडे कशाला आल्या होत्या?"
ती भांडी घासत म्हणाली, "मला विचारायला. राज्याच्या विधानसभेला उभी राहा म्हणून. वॉर्डसाठी कोणीतरी भांडायला हवं."
"आणि तू?"
"काल हो म्हटलं. तुला सांगणार होते, पण तू खुर्चीवर चढला होतास."

खरं सांगायचं तर ऊर जरा भरून आला. लगेच म्हटलं, प्रचारप्रमुख मी. मर्टल म्हणाली, त्या जागेसाठी तिघांची नावं आहेत, ती विचार करतेय.
सध्या चेस्टर पुढे आहे.