‘पाहिजे’ला लाल गोळा लागतो का?

जेद्दा, रविवार

गफूरभाई यांस,

धाकट्या बहिणीचा, रुकय्याचा सलाम. भाभीचे गुडघे कसे आहेत? तुमचा खोकला गेला, की अजून विड्या लपवून ओढता? आम्ही तिघं खुशाल आहोत. म्हणजे नबील आणि तल्हा, दोघे बापलेक, खुशाल आहेत. (हे व्हॉट्सॲपवर कळवलं असतं, पण तिथे तुम्ही मयताच्या बातमीलाही अंगठा दाखवता. म्हणून सुट्टीवर निघालेल्या सादियाच्या हाती पत्र धाडते.)

तुम्हाला ठाऊक आहेच, सहा वर्षं दर शनिवारी मी इमारतीतल्या आपल्या कोकणी पोरांना मराठी शिकवते. ही पोरं शाळेत इंग्रजी, बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात, अरबी आणि भांडताना हिंदी बोलतात. मराठी फक्त माझ्या दिवाणखान्यात, तीही मी डोळे वटारले की. ‘नाम म्हणजे काय’ हे मी तुमच्यासारखंच घोकून घेते. तर तीन महिन्यांपूर्वी वरच्या मजल्यावर डॉक्टर रणजितची बायको पूर्णिमा आली. पुण्याची, मॉन्टेसरीचा कोर्स केलेली, बरोबर एक लाकडी पेटी. “रुकय्याताई, तुम्हाला थोडी मदत करू का?” म्हणाली. मी हो म्हटलं. (चहाने जीभ भाजली होती, विचार करायला वेळ मिळाला नाही.)

त्या पेटीत काय असेल म्हणता? त्रिकोण! काळा मोठा त्रिकोण म्हणजे नाम, निळा छोटा म्हणजे विशेषण, लाल गोळा म्हणजे क्रियापद. पोरांनी टोपलीतली चिठ्ठी मनात वाचायची आणि तसं करून दाखवायचं. ‘लोळ’ वाचलं की लोळायचं, ‘नाच’ वाचलं की नाचायचं. माझा गालिचा सहा वर्षांत झिजला नाही तेवढा तीन महिन्यांत झिजला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून चुका शोधत होते, आणि अल्लाने एकदा ऐकलंसुद्धा. ‘यल्ला’ म्हणजे ‘चल’, असं कोणाकडून तरी ऐकून बाईंनी तीही चिठ्ठी लाल गोळ्यांत घातली. तस्नीमने ती मोठ्याने वाचली मात्र, सगळी अकरा पोरं चपला घालून लिफ्टमध्ये! इथे आईबाप ‘यल्ला’ म्हणाले की निघायचंच असतं, म्हणून पार खाली गाडीपर्यंत गेली. हारिसने (इथे वॉचमनला हारिस म्हणतात) फाटक लावून घेतलं म्हणून मिळाली. मला वाटलं, आता बाईंची पेटी बंद. पण पोरं वर आली ती ‘टीचर, पुन्हा पुन्हा’ ओरडत. मला सहा वर्षांत कोणी एकदाही पुन्हा म्हटलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. काल पोरांनी स्वतःचं वाक्य लिहून त्यावर खुणा ठेवायच्या होत्या. आमच्या तल्हाने लिहिलं, ‘मला पूर्णिमा टीचर पाहिजे.’ माझा मुलगा, माझ्या घरात, माझ्या पेन्सिलीने! फार लागलं मला ते, भाई. काही तरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, या वाक्यात क्रियापदच नाही, ‘पाहिजे’ करून दाखव बघू. तल्हा लाल गोळा हातात धरून टीचरकडे बघायला लागला. पूर्णिमा म्हणाली, ‘पाहिजे’ क्रियापदच. मी म्हटलं, मुळीच नाही, माझा भाऊ चाळीस वर्षं व्याकरण शिकवत होता, तो सांगेल. आणि जी चुकेल तिने शनिवार सोडायचा. ती हसून म्हणाली, “तुमचे भाऊ म्हणतील ते मान्य.” तिचं हे हसणंही मला बघवत नाही. निकाल आता तुमच्या हाती आहे.

भाभीला सलाम, मुलांना दुआ.

तुमची
रुकय्या

ता. क. ‘पाहिजे’ क्रियापद नाही, एवढं ठळक अक्षरात लिहून खाली सही करा. आहे हे मला माहीत आहे, तुम्हीच छडी मारून शिकवलंत. पण चाळीस वर्षं खरं शिकवल्यावर एकदा खोटं लिहिलंत तर पेन्शन थांबणार नाही.

ता. क. दुसरा. वरचं सगळं खोडलेलं समजा. मी नमाजला गेले तेवढ्यात तल्हाने हे पत्र वाचलं. अख्खं, एकट्याने, कुठेही न अडखळता. माझ्याजवळ बसून तो कधी दोन ओळींपुढे गेला नव्हता. तेव्हा जे खरं तेच लिहा. वाचून झाल्यावर मला विचारतो, “अम्मी, पप्पा म्हणतात तू टीचरवर जळतेस. जळणं इज अ व्हर्ब, ना? मग करून दाखव!”

म्हटलं, पोरा, तीन महिने दुसरं काय करतेय?