वत्सलाबाईंचा जांभळा कप

ती. रंगूअक्कास,

नाशिकहून सावळीरामचा, कंबर परवानगी देईल तेवढा वाकून, नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? (रेल्वेतून सुटून दहा वर्षं झाली, पण शिट्टी छातीत राहिली म्हणायची.) शेखर, सूनबाई, आणि तुमची ती मारकी गाय? माझी तब्येत उत्तम. अमोल पुण्याहून दर रविवारी फोन करतो, बाकीचे सहा दिवस मी टीव्हीतल्या बातमीवालीला "जेवलीस का गं?" विचारतो. तुझी भावजय लंका जाऊन सहा वर्षं झाली, पण चहा अजून दोन कपच होतो. दुसरा गार झाला की मीच पितो.

तर त्या दुसऱ्या कपाला माणूस मिळालं होतं. वत्सलाबाई. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवरची ओळख. तिसऱ्याच भेटीत त्यांनी रिपोर्टचा कागद पुढे केला. "मला एचआयव्ही आहे. नवऱ्याकडून आला. ते गेले, हा राहिला. रोज गोळी घेते. उठून जायचं तर आत्ताच जा." मी उठलो नाही. कागद घडी करून परत दिला.

मग त्या घरी चहाला आल्या. आता अक्का, माझी चाळीस वर्षं गुलाबाच्या मळ्यात गेली. रोगट फांदी छाटली की कात्री औषधात बुडवायची, हे हाडात मुरलेलं. चहा झाला, त्या हात धुवायला वळल्या आणि मी त्यांचा उष्टा कप विहिरीत टाकतात त्या जांभळ्या औषधाच्या पाण्यात बुडवला. परत येऊन बघतात तर कप जांभळा, माझी बोटं जांभळी. म्हणाल्या, "सावळीरामराव, खुर्ची राहिली की. तीही बुडवा." आणि गेल्या.

मग अक्कल आली. दवाखान्यात निकिता नावाची समुपदेशक आहे, नातीच्या वयाची. तिनं समजावलं, की कपानं, हातानं, संडासानं हा लागत नाही. गोळी न चुकता घेतली आणि तपासणीत विषाणू सापडेनासा झाला, तसाच राहिला, तर नवरा-बायकोसारखं राहूनही तो लागत नाही. वत्सलाबाईंनी दाखवलेल्या कागदाप्रमाणे त्यांचा पाच वर्षांत सापडलेला नाही. "तरी बाकीच्या आजारांसाठी निरोध वापरा काका, आणि स्वतःचीही तपासणी करून घ्या." केली, काही निघालं नाही. (तू मोठी, हे लिहिताना कान तापलेत. पण आईच्या मागे सांगायचं कुणाला?)

निरोध आणायला गेलो, तर मेडिकलवाला कुंदन अमोलचा वर्गमित्र. "काका, तुम्हाला कशाला?" माझ्या तोंडातून निघालं, "मळ्याला लागतात." तो गंभीरपणे म्हणाला, "किती एकर?" मी अर्धा सांगितला. पाकीट कपाटात आहे, न फोडलेलं.

एकटा पडलाय असं मनात आणू नकोस. मजेत आहे.

तुझा,
सावळ्या

ता. क. मजेत नाही. एकोणीस दिवस झाले, त्या ट्रॅकवरही येत नाहीत.

ता. क. दुसरा. फोनवर माफी मागितली. म्हणाल्या, "तुमचा कप पाहिला, आता तुमच्या माणसांचा बघू. अक्कांना सगळं सांगा, काही लपवू नका. त्यांनी स्वतः लिहून मला चहाला बोलावलं, तर येईन." म्हणून हा खटाटोप. फोनवर हो म्हणू नकोस, त्यांच्या हातात द्यायला कागद लागेल. दाजींनी कप वेगळा काढायचं म्हटलं, तर माझ्या बोटांची गोष्ट सांग. आणि अक्का, लवकर लिही. पाकिटावर नाव माझं टाक, आत मात्र त्यांना लिही.