टाकोराडीची चूक

सोमवार, २९ जानेवारी

टाकोराडी. छापील कागदावर, मोठ्या अक्षरात, टाकोराडी. मुलगा माझा, घर माझं, घर इथे घानात, केप कोस्टला, आणि मन्रोव्हियाच्या मिशन ऑफिसातल्या शहाण्यांनी माझ्या एबोला उतरवायचं ठरवलंय टाकोराडीला. पंख्याखाली बसून कागद छापतात आणि एवढं कळत नाही. दोन वर्षं लायबेरियाच्या चिखलात पांढरा शर्ट घालून पोरगा दारोदार देवाचं सांगत फिरला, छातीवर 'एल्डर एसिलफी' अशी मिशनरीची काळी पाटी लावून, आणि आता परत पाठवताना भलत्याच गावी टाकतायत.

टाकोराडीला आहे काय? बंदर आहे आणि ती एकुआ आहे, पाव विकणारी. माझ्या नवऱ्याला, कोजोला, तिने ठेवून घेतलं होतं. कोजो पाच वर्षांपूर्वी मेला. विषय संपला.

कागद बिशप आमिसाने आणला. आमचा बिशप आठवडाभर वायरमन असतो, रविवारी बिशप. अंगणात उभा राहून चपलेने वाळू उकरत म्हणाला, "सिस्टर अराबा, हा फॉर्म मिशनरी स्वतः भरतो." मी म्हटलं, मग भरताना त्याला मलेरिया असेल. तो चप्पल झाडून निघाला. म्हणजे पटलं.

तारीख तेवढी बरोबर आहे. मंगळवार, १२ मार्च. सकाळी विमानाने अक्रा, तिथून बस.

ठराव: ही चूक दुरुस्त करून घ्यायची. सोमवारच्या फोनवर एबोशी गोड बोलायचं, ओरडायचं नाही. आणि ही वही लिहायची. बिशप म्हणतो, लिहून ठेवा, पुढच्या पिढ्या वाचतील. पुढच्या पिढ्यांनी आपापली कामं करावीत. मी माझ्यापुरती लिहिते, म्हणजे कोण काय बोललं ते नंतर कुणाला नाकारता येत नाही.

रविवार, ४ फेब्रुवारी

उपासाचा रविवार. आज चर्चमध्ये ज्याला वाटेल त्याने उठून साक्ष द्यायची असते. मला दर महिन्याला वाटतं. एबो येतोय ते सांगितलं. मग त्याचं पहिल्या महिन्यातलं, मला लिहिलेलं पत्र मी वाचून दाखवलं. आई, इथे फार एकटं वाटतं, उशीत तोंड घालून रडतो, कुणाला सांगू नकोस, ते. पोरांच्या बाकावर हशा पिकला. चर्चमध्ये हसू असावंच.

बाहेर आल्यावर बिशपची बायको म्हणाली, "अराबा, अगं तेच पत्र पाचव्यांदा. पोराची लाज कशाला काढतेस?" तिच्या मुलाने मिशनवरून आईला एक ओळ लिहिली नाही. दुखणं ते आहे.

सोमवार, ५ फेब्रुवारी

सोमवारी मिशनरींना सुटी, त्या दिवशी घरच्यांशी बोलायचं. अबाने फोन लावून दिला, चित्र दिसतं तसला. अबा माझी मुलगी, एकोणीस वर्षांची. कामाला हात चांगला, तोंड वाईट.

फोन उचलला एबोच्या जोडीदाराने. मिशनरी एकटा कधी नसतो, जोडीदार चोवीस तास बरोबर, असा नियम. म्हणाला, "सिस्टर, एल्डर एसिलफी आंघोळीला गेलेत." मागच्या सोमवारी आंघोळ. त्याच्या आधीच्या सोमवारीही आंघोळ. घरी असताना बादली घेऊन याच्या मागे धावावं लागायचं. मिशनने पोराला स्वच्छता लावली, हे मानलं पाहिजे.

अर्ध्या तासाने आला. मी गोड बोलले. पत्त्यातली चूक सांगितली. तो म्हणाला, "आई, कागद बरोबर आहे." मी म्हटलं, मोठ्याने बोल. "कागद बरोबर आहे." नेटवर्क फार खराब.

मग घरची खबर दिली. तुझ्या खोलीत आता तारल्यांच्या टोपल्या आहेत, तू पुढच्या खोलीत भिंतीशी झोप. आणि ते तुझं रेडिओच्या सुट्या भागांचं खोकं मी भंगारवाल्याला देऊन टाकलं, देवाच्या माणसाला तारा आणि स्क्रू कशाला हवेत. एवढं बोलले आणि चित्र थांबलं. एबोचं तोंड तसंच्या तसं, पापणी हलेना. पाठीमागचा पंखा मात्र फिरत होता. हे नेटवर्क मला कळत नाही. माणूस थांबतो आणि पंखा फिरतो.

मग ओरडले. नेटवर्कवर. ते ठरावात धरायचं नाही.

शनिवार, १० फेब्रुवारी

स्वागताचं कापड आणलं. पांढऱ्यावर निळी फुलं. चौदा बायकांना दिलं, सगळ्यांनी त्या दिवशी तेच शिवून घालायचं. एबोसाठी त्यातलाच शर्ट. अबा म्हणाली, "माप तरी विचार त्याला." मी म्हटलं, खांदे मी पोटात वाढवलेत, मला माप माहीत आहे.

एक बाई म्हणाली, "अराबा, आधी कागद दुरुस्त होऊ दे, मग शिवते." मी म्हटलं, शंका असेल तर कापड परत दे. दिलं नाही. मनात असतं लोकांच्या, बोलायला जड जातं.

बुधवार, १४ फेब्रुवारी

मन्रोव्हियाच्या ऑफिसला फोन केला. बोलायला एक म्हातारी गोरी बाई, देश सोडून तिथे फुकट काम करते म्हणे. इंग्रजी अबाने केलं. बाई फार नम्र. म्हणाली, "आम्ही त्याला दोनदा विचारलं, सिस्टर. दोन्ही वेळा त्याने हेच गाव सांगितलं."

दोनदा. म्हणजे पोरगा दोनदा गोंधळला, आणि एकालाही तिसऱ्यांदा विचारावंसं वाटलं नाही.

मी अबाला म्हटलं, तिला सांग, मी आई आहे. अबाने इंग्रजीत काहीतरी सांगितलं. बाई म्हणाली, "आय ॲम सो सॉरी." एवढं मलाही कळलं. माफी मागितली. म्हणजे चूक कबूल.

सोमवार, १९ फेब्रुवारी

जोडीदार म्हणाला, एल्डर एसिलफी कपडे धुतायत. मी म्हटलं, धुऊ दे, मी थांबते. पाऊण तास थांबले. मग अबाला मधे घालून त्या जोडीदारालाच सगळं सांगितलं, एबोला लहानपणी कसं वळण लावलं, शेंगदाणे चोरले तेव्हा बाजारात सगळ्यांसमोर हात वर करून कसं उभं केलं. तो बिचारा ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "सिस्टर, मलाही माझ्या आईची फार आठवण येते." मी म्हटलं, तुझ्या आईने तुला फोन ठेवायला शिकवलेलं दिसत नाही, पाऊण तास झाला. मग ठेवला त्याने.

मुलगा नम्र आहे. एबोला जोडीदार चांगला मिळाला.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

अबा आज मासे धुरवायच्या भट्टीवर तारल्या उलटवता उलटवता म्हणाली, "आई, पत्ता त्यानेच लिहिलाय. समजून उमजून. डिसेंबरात मला विचारत होता, भट्टीच्या खोलीचं ते कुलूप अजून आहे का. मी सांगितलं, आहे."

कुलूप. पाच वर्षं झाली आणि या दोघांचं कुलूप चाललंय. झालं होतं एवढंच की कोजोच्या मयताला एबो टाकोराडीला निघाला होता. सतरा वर्षांचा, पिशवी भरून तयार. तिथे एकुआ विधवा म्हणून पुढे बसणार, आणि माझा मुलगा तिच्या पाहुण्यांना खुर्च्या मांडणार, सगळा किनारा बघणार. भट्टीच्या खोलीत ठेवला त्या शनिवारी. एक दिवस. विस्तव नव्हता आणि पाणीही आत ठेवलं होतं. संध्याकाळी, पुरून झाल्याची खबर आली तेव्हा कुलूप काढलं. तो बाहेर आला आणि भांडी घासायला बसला. एक शब्द बोलला नाही. राग असता तर बोलला असता.

अबा म्हणाली, "बापाला माती द्यायला थोरला मुलगा नव्हता, आई. लोक अजून विचारतात." मी तिला चारही भट्ट्या दोन दिवस एकटीने सांभाळायला लावल्या. बोलायला वेळ मिळतो म्हणजे काम कमी आहे.

रविवार, ३ मार्च

बिशप घरी आला, बायकोला घेऊन. पाणी दिलं, घेतलं नाही. म्हणाला, "सिस्टर अराबा, त्याने मला डिसेंबरातच लिहिलं होतं. त्याचं नाव आपल्या मंडळीतून काढून टाकोराडीच्या मंडळीत घातलंय. तिथले वरिष्ठ, स्टेक प्रेसिडेंट, त्याला सेवेतून मोकळं करतील. तो तिथेच राहणार आहे." त्याची बायको म्हणाली, "पहिल्यांदा बापाच्या कबरीवर जायचंय त्याला. जाऊ दे, अराबा. ओढलंस तर कायमचा तुटेल."

मागे याच बिशपने माझ्या घरात बटण उलटं बसवलं होतं. वर केलं की दिवा जायचा. अशा माणसाने पत्ता उलटा लावला तर नवल काय. मी त्याला तसं सांगितलं. दोघं उठून गेले.

पण बसता बसता एक गोष्ट सुचली. अक्राहून टाकोराडीची बस जाते कुठून? केप कोस्टवरून. पेडू नाक्यावरून, माझ्या नाकासमोरून. मिशन ऑफिसने काहीही छापलं तरी रस्ता बदलत नाही.

ठराव: कापड, मांडव, खुर्च्या, सगळं पेडू नाक्यावर.

मंगळवार, १२ मार्च

सकाळी १०. मांडव लागला. पोलीस म्हणाला, रस्त्यात नको. गटाराच्या पलीकडे लावला. मक्याची केंकी, तळलेले मासे, शितोची तिखट चटणी, सगळं तयार. चौदातल्या नऊ आल्या.

दुपारी १. आता सहा आहेत. उन्हात उभं राहायला प्रेम लागतं. अबा आहे, खांद्याला पिशवी. विचारलं पिशवीत काय. म्हणाली, फडकी.

३ वाजून १० मिनिटं. बस आली. देवाची करणी, नाक्यावर एक बाई उतरायची होती, तिचं सामान टपावर. दार उघडं. मी दाराशी गेले आणि हाक मारली.

एबो तिसऱ्या रांगेत, एकटा; परतीच्या वाटेला जोडीदार नसतो. वाळलाय, आणि खांदे खरंच रुंद झालेत. पाटी छातीवर तशीच. उठून पायरीपर्यंत आला, खाली उतरला नाही. मी दोन्ही हात पसरले. त्याने उजवा हात पुढे केला. म्हणाला, "आई, संध्याकाळपर्यंत मी मिशनरी आहे. मोकळं करेपर्यंत बायकांना मिठी मारायची नाही, नियम आहे." आणि हात मिळवला. जसा अनोळखी दारात मिळवतात तसा, दोनदा हलवून. म्हणाला, "कशा आहात?"

आहात.

किती शिस्त. आख्ख्या नाक्याने बघितलं. बायकांनी माना खाली घातल्या होत्या, भारावून. मी म्हटलं, खाली उतर, खाऊन जा. तो म्हणाला, "ज्या गावी पाठवलंय त्याच गावी मिशनरी जातो." मी म्हटलं, तुझ्यासाठी शर्ट शिवलाय. त्याने शर्टाकडे बघितलं, नऊ वर्षांच्या पोराला बसेल असं काहीतरी पुटपुटला. उन्हात कापड आटलेलं दिसतं.

बसचा मदतनीस ओरडला, दार लावा. तेवढ्यात अबा माझ्या बाजूने वर चढली, पिशवीसकट. एबोने तिला हात देऊन वर घेतलं. तिच्यासाठी तो नियम नव्हता वाटतं. अबा म्हणाली, "भट्टी विझवून आलेय, आई." बस गेली.

अबाला मीच पाठवलं. दोन दिवसांत त्याला घेऊन ये म्हणून. तोंडाने सांगितलं नाही, पण तिला कळतं.

केंकी सहा बायकांनी बांधून नेली. मांडववाला म्हणाला, "मावशी, खुर्च्या उचलू का?"

रविवार, १७ मार्च

पाच दिवस. अबा फोन उचलत नाही. आंघोळीला जात असेल.

चर्चमध्ये चौदाजणींपैकी एकीनेही निळं-पांढरं घातलं नव्हतं. मी घातलं होतं. बिशपच्या बायकोने फोनवर एक फोटो दाखवला, मी मागितला नव्हता. कोजोची कबर, नवा चुना मारलेली. एबो आणि अबा मयताच्या काळ्या-लाल कापडात, मधे ती एकुआ, दोघांचा एकेक हात धरून. एबोच्या कापडावर घड्यांच्या फिक्या रेघा दिसतात. बिशपची बायको म्हणाली, "मयताच्या वेळी त्याच्या वाटणीचं घेतलेलं कापड तिने तसंच जपून ठेवलं होतं म्हणे." अंगाला गुंडाळायचं कापड. ते कुणालाही बसतं.

भट्ट्या पेटवल्या नाहीत. एकटीने चार होत नाहीत. टोपल्या एबोच्या खोलीतून काढल्या आणि जमीन दोनदा धुतली.

पत्र लिहिलं, उद्या टाकणार. नक्कल इथे ठेवते, कारण लोक नंतर नाकारतात.

"एबो. तुझ्या बापाच्या मयताला मी तुला जाऊ दिलं नाही असं तू सगळीकडे सांगतोस. एक दिवसाचा प्रश्न होता. पाणी ठेवलं होतं. भट्टीच्या खोलीचं कुलूप मी काढलंय. टाकून दिलेलं नाही, चांगलं आहे. तुझी खोली रिकामी केली, वास जायला आठवडा लागेल. रेडिओच्या खोक्याचं भंगारवाल्याला विचारलं, वितळवलं म्हणतो. ते पत्र मी आता चर्चमध्ये वाचणार नाही. अबाला पाठव, मासे कुजतायत. तूही ये. त्या बाईला विचारायची गरज नाही. मला पुढच्या रविवारपर्यंत, २४ तारखेपर्यंत, उत्तर हवं. फोनवर नको, तिथे नेटवर्क नसतं. कागदावर, तुझ्या अक्षरात. आणि पाकिटावर पत्ता लिहिताना आता चूक करू नकोस. केप कोस्ट."