डब्यावरचे दहा ग्रॅम

फलटण,
१२ फेब्रुवारी १९७४

प्रिय धनी,

हे पत्र मधेच ठेवून देऊ नका, शेवटपर्यंत वाचा. माझा चुलतभाऊ धुळा काल कुपवाडहून आला. तुमच्याच कारखान्यात आहे, म्हणून खोदून खोदून विचारलं. म्हणाला, दाजी गेटवर वॉचमनच्या खुर्चीत बसून असतात, दिवसाला अर्धी भाकरी खातात, पँट सुतळीनं बांधतात. कुणी बिस्किटाचा पुडा पुढं केला की त्यावरचं लेबल वाचून परत करतात. ऐकलं आणि पुढ्यातलं ताट मी तसंच सारलं.

इकडं ऊस तुटून गेला. म्हैस व्याली. सासूबाई रोज विचारतात, लेकाला सुट्टी कवा? पलटणीनं तुम्हाला कायमचं घरी पाठवलंय आणि तरी तुम्ही घरी आला नाहीत, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

मागच्या वर्षीची सुट्टी डोळ्यांसमोरून हलत नाही. दोन महिन्यांत आठ किलो उतरवा, नाहीतर नोकरी संपली, असं लष्करी डॉक्टरनं बजावलेलं. दिवसाला कार्बोहायड्रेट साठ ग्रॅम, म्हणजे भाकरी-साखर जवळजवळ बंदच. कँटीनमधून प्रोटीन पावडरचा डबा आणलात आणि त्यावरच्या इंग्रजी लेबलावर बोट ठेवून मला शिकवलंत, शंभर ग्रॅमला दहाच. भूक लागली की तेच पाण्यात ढवळून प्यायचात आणि पाटीवर बेरीज मांडायचात. पुरणपोळीचं ताट आईसमोर परत केलंत. रोज डोंगरापर्यंत पळून यायचात. आणि सोसायटीच्या काट्यावर उभे राहिलात की वजन तेवढंच, कधी किलोभर जास्त. 'बने, लेबल तरी खोटं आसंल, न्हाईतर मीच खोटा हाय,' म्हणालात. पलटणीत खादाड म्हणून हसले, तेही मान खाली घालून ऐकलंत. एक डबा दोन महिने पुरला, तर माझ्या काटकसरीचं कौतुक केलंत! एवढा भोळा माणूस बंदूक कशी चालवत असेल, देव जाणे.

लेबल खोटं नव्हतं आणि तुम्हीही नव्हता. पहिल्याच आठवड्यात मी डब्यातली निम्मी पावडर काढली आणि सातूचं पीठ अन् पिठीसाखर भरली. पुढं रोज भरत गेले. एकाहत्तरच्या डिसेंबरात माझा पाठचा भाऊ आकाराम लढाईत गेल्याची तार आली, ती आईला मीच वाचून दाखवली होती. तसली दुसरी तार वाचायची ताकद माझ्यात उरली नव्हती. वाटलं, नोकरी गेली तर जाऊ दे, माणूस तर घरी राहील. नोकरी गेली आणि माणूसही आला नाही. तुम्ही खादाड नाही, कधीच नव्हता, एवढं सांगायला हे पत्र. मला टाकलंत तरी हूं की चूं करणार नाही. माझं तोंड बघायचं नसेल तर तुम्ही यायच्या आधी माहेरी निघून जाईन. पण हे वाचून झालं की उठा, हात धुवा आणि पोटभर जेवा.

तुमचीच, अजून म्हणू देत असाल तर,
बना