कपाटाखालचा सहा

अक्का, तुमाला जाऊन पाच वर्षं झाली, आणि मला अजून एकच विचारायचं हाय. तो फासा खरंच सहा पडलेला काय?

नवनगरात तुमच्या घरी रविवारी दुपारी जेवणं झाली की तुमी तो खेळ मांडायचासा. पट न्हाई, सोंगट्या न्हाईत, नुसतं बोलायचं. मी न् तुमच्या ट्यूशनची ती दोघं भावंडं, आमी तिघांनी एकेक माणूस व्हायचं, तुमी गुहा न् जंगल सांगायचं, आमी काय करतो ते आमी सांगायचं, आणि जमलं का न्हाई ते फाशांनी ठरवायचं. नियम तुमच्या भावानं बाहेरदेशातनं पाठवलेल्या जाड पुस्तकात. मी तवा नववीत शाळा सोडलेली. मास्तरांनी उभं करून धडा वाचायला लावला, आवाजच फुटला न्हाई, वर्ग हसला, दुसऱ्या दिवसापास्नं गेलेच न्हाई. कमरीपेठेत आईजवळ बसून साड्यांना फॉल लावायला लागले. तुमच्याकडची ट्यूशन सुटली, तरी खेळाला तुमी मला निरोप धाडलासा. का धाडलासा, ते मला तवापण कळलं न्हवतं. फुकटचं कोण बोलवतंय, असंच वाटायचं.

पहिल्या दिवशी माझ्या कागदावर तुमी लिहिलासा, रेंजर. आईनं ते ऐकलं आणि सुई खाली ठेवली. तिचं माहेर अळणावरकडचं. तिकडं रेंजर म्हंजे जंगलखात्याचा साहेब, बायकांच्या डोक्यावरनं लाकडाची मोळी उतरवून घेणारा. "थट्टा करायलीया ती तुझी," आई म्हणाली. "तुझ्या आज्जीला रडवलेला माणूस तुला केलीया बघ." वर त्या कागदावर 'मंत्र' असा शब्द, म्हणून "माटमंत्र, जादूटोणा शिकवतीया काय ती बाई?" हेपण झालं. मी तुमाला घाबरत विचारलं तर तुमी पोट धरून हसलासा. "अगं, हा मोळी घेणारा न्हवं. हा रानात एकटा फिरतो, कमी बोलतो. तुला बरा." कमी बोलतो म्हणून मला बरा. हे मी घरी नेलं आणि आठवडाभर उलटंसुलटं करून बघितलं, आत कुठं टोचतंय काय म्हणून.

त्या पहिल्याच दिवशीची ती फाशाची गोष्ट. कागदावर शहाणपणाचा आकडा लिहायचा, त्याला तीन फासे. मी टाकतेय. दोन पडतात चार-चार, तिसरा उड्या मारत लोखंडी कपाटाखाली. तुमी गुडघे टेकून वाकताय, एक डोळा मिटून बघताय. "सहा हाय. चौदा झाले." चष्मेवाला, तो डॉक्टरचा पोरगा, म्हणतो, "काढा की बाहेर, दाखवा." तुमी म्हणताय, "बिडु, अल्ले इरली. राहू दे तिथंच, हात पोचत न्हाई." आणि चौदा लिहिलासा. शाळा सोडलेल्या पोरीच्या नावापुढं शहाणपण चौदा. तुमच्याशिवाय कुणी बघितलेलं न्हाई.

चष्मेवाला मांत्रिक झालेला, त्याची बहीण तलवारवाली. त्याच्याकडं तुमी म्हणायचासा ते सण्ण मंत्र होते, बारकेसारके, उजेड पाडायचा, फाटलेलं सांधायचं. एकदा गुहेत तो बेशुद्ध पडला, कंदील विझला. आणि मी बोलले. त्या घरात पहिल्यांदा मोठ्यानं. "मी सण्ण मंत्र म्हणते. उजेडाचा." तुमी पुस्तक उघडलासा, कोष्टकावर बोट फिरवलासा आणि म्हणालासा, "रेंजरला सण्ण मंत्र न्हाईत गं." मी म्हटलं, मोठा न्हाई मागत, बारकाच द्या. "तेच तर," तुमी म्हणालासा. "थोडं येणाऱ्याला बारकं मिळत असेल असं वाटतं, पण तसं न्हाई. बारके मंत्र रोज पुस्तक घेऊन बसणाऱ्याचे. रेंजरच्या कोष्टकात तो रकानाच न्हाई. त्याला चौथ्या पायरीवर एकदम पुढचा." चष्मेवाल्याची बहीण हळूच म्हणाली, "शाळेगतच की." मी उठून चप्पल घातली. तीन रविवार आले न्हाई.

चौथ्या रविवारी तुमीच दारात आलासा, फॉल लावायला साडी घेऊन. साडीला फॉल आधीच होता अक्का. आईला कळलं, मलापण कळलं.

मग खेळता खेळता माझ्या रेंजरची चौथी पायरी आली. कोष्टकात त्या जागी शून्य. चष्मेवाला टाळी वाजवून म्हणाला, "घ्या! एवढं चढून शून्य!" तुमी त्याचंच बोट धरून वरच्या ओळींवर ठेवलासा. "इथं काय हाय? आडवी रेघ. रेघ म्हंजे अजून न्हाईच. शून्य म्हंजे पुस्तक तुला काय देत न्हाई, पण अंगचं शहाणपण बारा किंवा वर असलं तर एक मंत्र तुझा." सगळ्यांनी माझ्या कागदाकडं बघितलं. चौदा. मी निवडला तो, चालताना पाऊलखूण उमटू न देणारा. तुमी म्हणालासा, "तुला त्यासाठी मंत्र कशाला लागतोय?" आणि सगळे हसले, मीपण. वर्ग हसला तसं ते हसणं न्हवतं, एवढं मला कळलं.

त्यानंतर दोनच रविवार झाले. तुमाला कावीळ झाली, मग तुमी न्हाई.

तवापास्नं फॉल लावताना मी हेच उसवते न् शिवते. सगळ्यांसमोर मला बारका उजेडपण न देणारी बाई फाशाबद्दल खोटं कशाला बोलेल? पण फॉलवाल्या साडीला फॉल लावायला आणणारी बाई काहीपण बोलेल. सहा असेल तर मंत्र माझा. एक असेल, तर बेरीज नऊ, आणि ते चौदा म्हंजे तुमची दया. मला दया नको होती. एक तरी गोष्ट माझ्या हातानं पडलेली पाहिजे होती.

आता हे कुणाला सांगितलेलं न्हाई. त्या पहिल्या दिवशी तुमी चहा बघायला आत गेलासा, ती दोघं गॅलरीत होती. मी कपाटापाशी बसले, फरशीला गाल टेकणारच होते. टेकला न्हाई. डोळे गच्च मिटले, तुमची फूटपट्टी घेतली आणि फासा भिंतीपर्यंत ढकलला. गडगडत गेलेला ऐकू आला, म्हंजे पडलेला आकडा मोडला. तुमच्यावर एवढी वर्षं संशय घेतला, पण बघायची सोय मीच ठेवली न्हाई.

हा कागद त्या रेंजरच्या कागदाखाली, रिळांच्या डब्यात ठेवतेय. चौदावर बोट फिरवलं की अजून बरं वाटतं.