पिवळा दोरा

१४ नोव्हेंबर, सकाळ

चि. टाचणी हिला दादाचे आशीर्वाद.

पन्नाशी ओलांडलेल्या बाईला चिरंजीव म्हणावं का, या विचारात मी बराच वेळ पेन चावत बसलो होतो. पण तू माझी पाठची, आणि ते काही वयानं बदलत नाही. तू तिकडे बरी असशील. आम्ही इकडे बरे आहोत. दर वेळी हे वाक्य तुझी वहिनी माझ्या वतीनं लिहिते. या वेळी मीच लिहितोय, आणि ते खरं आहे.

हे पत्र मी उभ्यानं लिहितोय. दुकानात, कापड बेतायच्या टेबलाशी. तुला यात विशेष वाटणार नाही, पण गेलं दीड वर्ष मला दहा मिनिटंही उभं राहवत नव्हतं. कमरेतून कळ निघायची ती थेट डाव्या पायात उतरायची. कात्री हातात आणि पाय मुंग्यांच्या ताब्यात. स्टुलावर बसून बेतायला लागलो, तर दोन पँटींचे पाय आखूड झाले. तुझी वहिनी म्हणाली, "आता गिऱ्हाइकांचे पाय कापायच्या आधी डॉक्टरकडे चला."

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या मुलीएवढ्या, चणीनं तुझ्याएवढ्या. त्यांनी पाठीचा एक्स-रे फोटो उजेडावर धरला. "काका, हे दोन मणके बघा. मधली चकती पार झिजलीय. वरचा मणका सरकलाय आणि नस दाबली जातेय."

"म्हणजे पाठ उघडणार?"

"पाठीला हातच लावायचा नाही. तुम्हाला उजव्या कुशीवर निजवणार आणि डाव्या बाजूनं आत जाणार. दोन छोटे छेद. स्नायू कापायचे नाहीत, नुसते बाजूला सारून मधून नळी घालायची. चकती काढायची आणि तिथं छोटासा पिंजरा बसवायचा. नसांना धक्का लागू नये म्हणून एक यंत्र सतत लक्ष ठेवून असतं."

मला घाम फुटला. तुझ्या वहिनीला वाटलं, मी ऑपरेशनला घाबरलो. खरं तर मला तू ऐकू आलीस. अगदी हेच शब्द. "दादा, पाठीला हात लावू नकोस. कडेनं उसव."

"कोटाचं अस्तर उसवतात तसं," मी म्हणालो. बाईंना कळेना, म्हणून समजावलं. कोटाच्या आत काम करायचं तर पाठीची शिवण उघडायची नाही. अस्तराच्या कडेची शिवण चार बोटं उसवायची, तिथून हात घालून काम उरकायचं आणि तेवढीच चार बोटं पुन्हा शिवायची. बाहेरून कोणाला पत्ता लागत नाही.

बाई खूश झाल्या. "पुढच्या पेशंटला मी हेच सांगणार! तुमची युक्ती?"

"माझ्या बहिणीची."

"मग त्या येणार असतील ना ऑपरेशनला?"

मी चष्मा पुसायला घेतला. तुझ्या वहिनीनं विषय बदलला.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी चाललो, तिसऱ्या दिवशी घरी आलो. तीन-चार आठवडे डावी मांडी बधिर होती, जिना चढताना पाय उचलायला हात लावावा लागे, पण तसं होईल हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. वॉर्डातल्या सिस्टरनं मला ओंडक्यासारखं कुशीवर वळून उठायला शिकवलं. चुकलो की शाळेतल्यासारखी ओरडायची. तिचे उपकार, बाईंचे उपकार, सकाळ-संध्याकाळ पायात मोजे चढवून देणाऱ्या तुझ्या वहिनीचे तर फारच. आंघोळीनंतर आरशात बघतो. डाव्या कुशीला दोन बारीक रेघा आहेत आणि पाठ कोरी करकरीत. कोणाचे किती आभार मानू असं होतं, आणि मग तुझ्याशी येऊन गाडी अडते.

मागच्या आठवड्यात बँडमास्तरांची मुलगी दुकानात आली. आता बँड ती चालवते. वडिलांचा कोट तिला तिच्या मापाचा करून हवाय. तिनं पिशवीतून कोट काढला आणि मी तो आतून उलटवून बघितला. तोच काळा कोट, टाचणी. सव्वीस वर्षांनी.

आतल्या खिशाखाली पिवळा टाका तसाच आहे.

बाबांचा नियम मी नव्या कारागिरांना अजून सांगतो. ज्याचं काम, त्यानं आत आपल्या रंगाचा एक टाका घालायचा. बाबांचा पांढरा, माझा निळा, तुझा पिवळा. काम बिघडलं तर कोणी केलं हे विचारायची वेळ येऊ नये.

आणि खरंच, त्या दिवशी कोणी विचारलं नाही. बाबा जेवायला गेले होते, तू बटणं आणायला. आदल्याच दिवशी बाबा तुझ्या हाताचं कौतुक करत होते, ते मला लागलं होतं. तू जाताना बजावून गेलीस, कडेनं उसव. म्हणून मी हा कोट मुद्दाम पाठीतून उसवला. ब्लेड सुटलं आणि कापड चार बोटं चिरलं. मग मी तुझ्या डब्यातला पिवळा दोरा घेतला.

तो टाका मी घातला, टाचणी. कोट तुझ्या टेबलावर मी ठेवला.

तू आलीस, टाका बघितलास, माझ्याकडे बघितलंस. टाका बघून बाबा तुला म्हणाले, "यापुढे गिऱ्हाइकाच्या कोटाला हात लावायचा नाही. काजं कर." मला वाटलं, आता तू बोलशील. तू कोट मांडीवर घेतलास आणि रफू करायला बसलीस. चार महिन्यांनी तू परगावी काम धरलंस आणि पाटीवर बाबांच्या नावाखाली माझं एकट्याचं नाव आलं. बाबा गेले तेव्हाही सांगायला तोंड उघडलं नाही. त्यांना आता सांगता येणार नाही, हे माझ्यापाशी राहील.

तुझ्या वहिनीला परवा सांगितलं. काल मोजे चढवताना म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? पत्ता आहे ना तुमच्याकडे?"

तू मला पाठीशी घातलंस. मी हा शब्द आयुष्यभर वापरला, पण कोणाच्या पाठीशी उभं राहायला आधी स्वतःला उभं राहता यावं लागतं, हे मला उशिरा कळलं. तुझे उपकार मानतो. माफी वेगळी मागतो. उपकारांत ती मिसळली तर तुला नाही म्हणायला अवघड जाईल. तू खुशाल नाही म्हण.

काल कोट उजेडात धरून तुझं रफू शोधलं. बोट फिरवलं, भिंग लावलं. सापडलं नाही.

कोट मी उसवलेला नाही. मुलीला सांगितलंय, याचे खरे कारागीर परगावी असतात, त्यांना विचारतो. तू आलीस तर टेबलाची उजेडाकडची बाजू तुझी. नाही आलीस, तर कडेनं उसवून मी करीन.

पिवळा टाका काढला नाही, कारण रफू तुझंच आहे. त्याच्याशेजारी आज एक निळा घातला, चिरलं त्याचा. खाली माझं नाव लिहिलेलं नाही. कागदातून तोच निळा दोरा ओवलाय, बोटानं चाचपून बघ.

तुझा दादा, निळा